कुंडीतल्या निशिगंधाला दुसऱ्या वर्षी नुसती पात येते, फूल नाही: कारण आणि उपाय

पहिल्या वर्षी निशिगंध छान फुलतो. दुसऱ्या वर्षी कुंडीत मावणार नाही इतकी पात येते, हिरवीगार, लांबसडक, कडेनं खाली लोंबणारी, पण दांडा एकही येत नाही. तिसऱ्या वर्षी ती पातही बारीक होते, गवतासारखी. मग कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात नर्सरीतून नवे कंद येतात. ओळखीतल्या कितीतरी जणांकडून मी हे ऐकलंय, आणि माझ्याकडे हे दोनदा घडलंय. दुसऱ्यांदा घडलं तेव्हा मी कुंडी टाकून दिली नाही, उलटी करून बघितली. काय चुकत होतं ते त्या दिवशी कळलं.

फुलं येत नाहीत म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो खताचा. मीही महिनाभर दर आठवड्याला शेणस्लरी घातली, वर मूठभर गांडूळखत दिलं. पात आणखी तरारली, एवढंच झालं. नत्र जास्त झालं की निशिगंध पानांवर जातो, फुलांवर नाही. त्यामुळे तुमच्या कुंडीत पात जोमदार, गडद हिरवी असेल आणि दांडा नसेल, तर आधी खत थांबवा. अडचण मातीच्या वर नाही, खाली आहे.

एक कंद एकदाच फुलतो

ही एक गोष्ट लक्षात आली की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकच दांडा देतो. दांडा येऊन गेला की त्या कंदाचं काम संपतं. त्याच्या अंगाला चारी बाजूंनी पिल्लं फुटलेली असतात, पुढची फुलं त्यांनी द्यायची असतात. वनस्पतीशास्त्रज्ञांनी अलीकडे निशिगंधाला घायपाताच्या, म्हणजे अगेव्हच्या प्रजातीत घातलं आहे. शेताच्या बांधावरचा घायपात वर्षानुवर्षं नुसता वाढतो, एकदा उंच दांडा टाकतो आणि वाळून जातो, हे आपण पाहिलेलं असतं. निशिगंध त्याच्याच घरातला.

म्हणजे दुसऱ्या वर्षी आपण ज्या कंदाकडून फुलाची अपेक्षा करतो, तो कंद फुलून मोकळा झालेला असतो. पिल्लं फुलू शकतात, पण त्यासाठी ती पुरेशी जाड व्हायला हवीत. फुलायला कंद साधारण २ सेंटीमीटर जाडीचा तरी लागतो. खिशातलं एक रुपयाचं नाणं जवळपास तेवढ्याच व्यासाचं असतं, माझं माप तेच. नाण्याहून जाड कंद यंदा फुलेल. नाण्याहून बारीक असेल तर यंदा पातच देईल. पंधरा मिलिमीटरच्या आसपासचे काही कंद फुलतातही, पण दांडा आखूड आणि कळ्या मोजक्या.

आता बारा इंची कुंडीत काय होतं ते बघा. पाच कंद लावले. प्रत्येकाला दहा-बारा पिल्लं आली. पन्नास-साठ जण तेवढ्याच मातीत राहणार. एकालाही जाड व्हायला जागा नाही, अन्न नाही. सगळेच बारीक राहतात, सगळेच पात काढतात. शेतात गुलछडीचा, म्हणजे निशिगंधाचाच, वाफा लोक तीन वर्षं ठेवतात, कारण दोन कंदांच्या मध्ये वीतभर मोकळी जमीन असते. तिथेही तिसऱ्या वर्षी दांडे आखूड होतात आणि शेतकरी कंद खणून नव्या जमिनीत लावतो. शेतात जी अवस्था तिसऱ्या वर्षी येते, ती कुंडीत पहिल्या वर्षाच्या शेवटीच येते.

म्हणून माझं ठाम मत असं की कुंडीतला निशिगंध दरवर्षी काढावा, निवडावा आणि नव्यानं लावावा. अगदीच जमलं नाही तर एक वर्षाआड. ज्यांना मोठ्या कुंडीत हलवून वेळ भागवायची आहे त्यांना एखादं वर्ष मिळेल, पण आतली गर्दी तशीच राहते.

विश्रांती, जी आपल्या हवेत मिळत नाही

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. तिथला उन्हाळा पावसाचा आणि हिवाळा कोरडा. कोरड्या महिन्यांत कंद झोपतो, पाऊस आला की उठतो. थंड देशांत थंडीनं पात मरते, त्यामुळे लोक आपसूक कंद काढून घरात ठेवतात. आपल्याकडे पुणे, सातारा, कोल्हापूर इथली थंडी बेताची आणि मुंबई-कोकणात तर तीही नाही. पात हिरवीच राहते. पात हिरवी दिसते म्हणून आपण डिसेंबर-जानेवारीतही रोज पाणी घालतो. कंदाला झोप मिळत नाही, तो नुसती पानं काढत बसतो.

हे मला दौंड तालुक्यातल्या एका गुलछडीवाल्या शेतकऱ्यानं समजावलं. त्यांच्या बांधावर आंब्याच्या सावलीत कंद पसरलेले होते. मी विचारलं, काढलेत तर लगेच लावत का नाही? ते म्हणाले, “ताई, कांदा काढला की महिनाभर तरी सावलीत मुरू द्यायचा. ओला लावला की कुजतो, नाहीतर नुसता पाल्यावर जातो.” त्यानंतर मी एकदाही काढलेला कंद त्याच दिवशी परत लावलेला नाही. फरक पहिल्याच हंगामात दिसला.

तर डिसेंबरअखेर पाणी हळूहळू कमी करा आणि जानेवारीच्या मध्याला बंद करा. कुंडी उन्हातच राहू दे. पात पिवळी पडते, टोकाकडून वाळते, कुंडीच्या कडेवर लोळते. जीव कळवळतो, पण पाणी घालायचं नाही. त्या पिवळ्या पडणाऱ्या पातीतलं अन्न कंदात उतरत असतं, म्हणून हिरवी पात कापायचीही नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस बहुतेक पात वाळलेली असते. तेव्हा कंद काढायचे.

कुंडी उलटी करताना

माती पूर्ण कोरडी असली तर ढेकूळ दगडासारखं होतं आणि कंद तुटतात. ओली असली तर चिखल चिकटून बसतो, कंद दिसतच नाहीत. आदल्या दिवशी तांब्याभर पाणी शिंपडा, दुसऱ्या दिवशी वाफसा आलेला असतो, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नाही अशी. प्लॅस्टिकची कुंडी असेल तर आडवी पाडून चारी बाजूंनी तळहातानं थोपटायची, मग उलटी केली की सगळा गठ्ठा एकसंध बाहेर येतो. मातीच्या कुंडीत कडेनं खुरप्याचं पातं फिरवावं लागतं. खुरपं मधोमध खुपसू नका. पहिल्या वेळी मी तेच केलं आणि चार जाड कंद चिरले गेले.

गठ्ठा बाहेर आला की आधी दिसतं ते मुळांचं जाळं, कुंडीच्या आकाराचं, पांढरट-तपकिरी, काथ्यासारखं गुंफलेलं. ते हातानं मोकळं करत जा. आत कंद सापडतात, सुटे नाहीत, झुपक्यानं. लसणाच्या गड्डीची आठवण येते. मध्ये जुना कंद, त्याच्या डोक्यावर गेल्या वर्षीच्या दांड्याचं वाळकं खुंट, आणि भोवती लहान-मोठी पिल्लं अंगाला अंग लावून. बाहेरच्या कडेची पिल्लं सहसा जाड असतात, आतल्या बाजूची चिंचोक्याएवढी. पिल्लू अंगठ्यानं बाजूला दाबलं की कट्कन सुटतं. सुटत नसेल तर ओढू नका, सगळं आठ दिवस सावलीत वाळू द्या, मग सहज सुटतं. मधला फुललेला कंद दाबून बघा. पोकळ, दोरेदोरे झालेला लागेल. तो टाकून द्यायचा. तो परत लावल्यानं नुसती जागा अडते.

हाताशी एक सुरी ठेवा आणि शंका येईल तो एखादा कंद उभा चिरून बघा. चांगला कंद आतून पांढरा, घट्ट, कच्च्या बटाट्यासारखा असतो. मध्यभागी तपकिरी, मऊ, आंबूस वासाचा निघाला तर त्या झुपक्यातले सगळेच कंद एकेक करून दाबून तपासा. मऊ लागेल तो बाहेर.

माझ्या कुंडीत पाच कंदांचे त्रेपन्न झाले होते. रुपयाच्या नाण्याहून जाड निघाले नऊ. दोन वर्षं फूल का आलं नाही, याचं उत्तर तिथं वर्तमानपत्रावर पसरलेलं होतं.

कंद धुवायचे नाहीत. माती झटकून, लांब मुळं आणि वाळकी पात कात्रीनं छाटून, टोपलीत किंवा वर्तमानपत्रावर एका थरात पसरायचे. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. पिशवीत बांधून ठेवलेत तर घाम येऊन बुरशी धरते. चार ते सहा आठवडे ठेवा, आठवड्यातून एकदा हात फिरवून वरखाली करा. आमच्याकडे कांदे-लसूण जिथे ठेवतात तिथेच शेजारी राहतात.

परत लावताना

लावणी एप्रिलमध्ये, फार तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात. लावल्यापासून दांडा यायला साधारण ८० ते १०० दिवस लागतात. एप्रिलच्या मध्याला लावले तर आषाढ-श्रावणात पहिले दांडे दिसतात आणि गणपतीला घरची फुलं मिळतात. मी याच हिशेबानं तारीख ठरवते.

माती जुनीच वापरायची असेल तर निम्मी तरी बदला. दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं जुनं शेणखत, एक भाग जाडसर वाळू, हे प्रमाण मला मानवलं आहे. काळी माती एकटी वापरू नका, पावसात ती पाणी धरून ठेवते. कोकोपीट थोडं चालेल, पण निम्म्याहून जास्त झालं तर पावसाळ्यात कुंडी महिनोन्महिने ओली राहते. बारा इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचा चुरा मातीत मिसळा. युरिया अजिबात नको. शेणखत ताजं, वास येणारं असेल तर तेही नको, त्यात हुमणीची अंडी असू शकतात आणि हुमणी कंद कुरतडते.

कुंडीची भोकं मोठी करून घ्या. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवायचा, तो तळाला चिकटून बसता कामा नये.

बारा इंची कुंडीत चार किंवा पाच जाड कंद, त्याहून जास्त नाहीत. मोह होतो, नऊ आहेत तर नऊही लावू असं वाटतं. पुन्हा गर्दीच होणार. दोन कुंड्या करा. टोक वर, बुंध्याची चकती खाली, आणि कंदाच्या डोक्यावर दोन बोटं माती. फार खोल लावला तर उगवायला वेळ लागतो, वर उघडा राहिला तर उन्हानं सुकतो. दोन कंदांमध्ये चार बोटं अंतर ठेवा आणि कुंडीच्या कडेला चिकटवून लावू नका, एप्रिलच्या उन्हात कुंडीची कड तापते.

बारीक पिल्लं टाकू नका. एक पसरट खोकं किंवा ग्रोबॅग घ्या आणि त्यांना कांद्याच्या रोपांसारखं बोटभर अंतरानं लावा. यंदा पात देतील, पुढच्या वर्षी त्यातली बरीचशी नाण्याच्या मापाची झालेली असतील. अशी एक रोपवाटिका बाजूला चालू असली की नर्सरीतून कंद आणायची वेळ येत नाही. पाकिटातून विकत मिळणाऱ्या कंदांबाबत माझा अनुभव वाईट आहे. एकदा दहा आणले, त्यातले सात नाण्याहून बारीक होते आणि एक फुलून गेलेला जुना कंद होता. विकत घ्यायचेच असतील तर सुटे, हातानं दाबून निवडता येतील असे घ्या.

लावल्यानंतरच्या अडचणी

सगळ्यात जास्त कंद मरतात ते लावल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, आणि तेही काळजीपोटी. कोंब दिसत नाही म्हणून रोज पाणी घातलं जातं. कंदाला अजून मुळं नाहीत, तो पाणी ओढून घेऊ शकत नाही, माती ओली राहते आणि कंद बुंध्याकडून कुजतो. लावल्या दिवशी एकदा तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. त्यानंतर बोट दोन पेरं आत घालून बघा. कोरडं लागलं तरच थोडं द्या. कोंब दोन ते तीन आठवड्यांत येतात, कधी चार लागतात. चार आठवड्यांनंतरही काही नसेल तर एक कंद उकरून बघा. घट्ट असेल तर पुन्हा झाकून ठेवा.

पात वर आली, चार-सहा इंचांची झाली, आणि एक दिवस बुंध्याशी मऊ पडून आडवी झाली, असं पावसाळ्यात घडतं. पात ओढली तर हातात येते. बुंध्याशी, मातीच्या वर पांढरा कापसासारखा थर आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम नावाची बुरशी आहे. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तो झुपका आजूबाजूच्या मातीसकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. बाकीच्यांसाठी पाणी तोडा आणि कुंडी छपराखाली घ्या. लावतानाच शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून घातलेला असेल तर हा त्रास कमी होतो. एक लक्षात ठेवा, ट्रायकोडर्मा स्वतः बुरशीच आहे. कंद कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बुडवायचे आणि त्याच मातीत ट्रायकोडर्माही घालायचा, असं केलं तर पहिलं दुसऱ्याला मारतं. दोन्हीपैकी एकच निवडा. मी ट्रायकोडर्मा वापरते.

पात पिवळट, खुरटी, उन्हात माना टाकणारी, आणि पाणी घालूनही सुधारत नाही, अशी कुंडी असेल तर मुळं बघा. मुळांवर मोहरी-ज्वारीएवढ्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अगदी बारीक कृमी, आहेत. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी अंगठ्यानं सुटून येतात, या सुटत नाहीत, मूळच फुगलेलं असतं. इथे कुंडी बदलून भागत नाही, माती बदलावी लागते. जुनी माती मे महिन्यात ओली करून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली गच्चीवर पातळ पसरून चार-सहा आठवडे तापवा, मग त्यात झेंडू लावा. निशिगंध त्या मातीत लगेच परत नको. कंद नव्यानं घेणार असाल तर ‘शृंगार’ हा वाण मागा. बंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा हा एकेरी, म्हणजे पाकळ्यांची एकच ओळ असलेल्या फुलाचा, वाण या सूत्रकृमीला बराच तग धरतो. आपल्याकडचा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले रजनी’ही एकेरीच आहे आणि महाराष्ट्राच्या हवेला रुळलेला आहे.

ऊन हाही मुद्दा आहेच. सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर जाड कंद लावूनही दांडा येणार नाही. आला तरी उजेडाकडे वाकडा होईल. गॅलरीत ऊन तीनच तासांचं असेल तर निशिगंधाचा हट्ट धरू नका. तिथे रेन लिली आनंदानं फुलते.

दांडा आला पण कळ्या न उघडताच तपकिरी झाल्या, ही तक्रार बहुतेक दुहेरी फुलाच्या निशिगंधाची असते. त्याच्या घट्ट कळ्या पावसात भिजल्या की उघडत नाहीत, आतल्या आत सडतात. एकेरी कळीला हा त्रास फारसा नाही आणि वासही एकेरीलाच जास्त. वेणी-गजऱ्यासाठी, हारासाठी बाजारात सुटी फुलं येतात ती एकेरीच. कळ्यांवर चंदेरी ओरखडे असतील तर मात्र फुलकिडे आहेत. पांढऱ्या कागदावर दांडा झटकला की बारीक पिवळट किडे पळताना दिसतात. निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी, दर आठ दिवसांनी.

आत्ता भर पावसाळा आहे आणि कुंडीत नुसती पात आहे, असं असेल तर आज कंद काढू नका. ओल्या मातीत, वाढीच्या दिवसांत झुपका फोडला तर प्रत्येक जखमेतून कूज शिरते. फार गर्दी असेल तर गठ्ठा न फोडता जसाच्या तसा मोठ्या कुंडीत बसवा, कडेनं नवी माती भरा. नत्राचं खत बंद करा. त्याऐवजी महिन्यातून एकदा चमचाभर सल्फेट ऑफ पोटॅश बादलीभर पाण्यात विरघळवून द्या. यंदा फुलं येतील असं मी म्हणत नाही, पण पिल्लं जाड होतील आणि फेब्रुवारीत काढताना नाण्याच्या मापाचे कंद जास्त निघतील.

फुलं संपली की दांडा बुंध्याशी कापा, पात राहू द्या. डिसेंबरअखेरपर्यंत पाणी नेहमीसारखं. कुंडीवर ऑइलपेंटनं लावणीचा महिना लिहून ठेवा, मी प्रत्येक कुंडीवर लिहिते. डिसेंबर संपत आला की पाणी कमी करत जायचं, आणि जानेवारीच्या मध्यापासून पाण्याचा तांब्या त्या कुंडीवरून पुढे न्यायचा.